कॅमेऱ्याला दिसेल तेवढंच

नमस्कार श्रोतेहो. लघुपटाची पटकथा पहिल्यांदा लिहिणारे बहुतेक जण कथा लिहितात. पात्राला काय वाटलं, पूर्वी काय घडलं, सगळं कागदावर येतं. पण कॅमेऱ्याला मन दिसत नाही. पटकथेत दिसेल आणि ऐकू येईल तेवढंच लिहायचं, आणि तेही वर्तमानकाळात.

एक प्रसंग घेऊ. बाळू रोज डेअरीला दूध घालायला जातो. वाटेत लिटरभर परस्पर विकतो आणि कॅनमध्ये तेवढं पाणी ओततो. गायीच्या दुधाचा दर 3.5 टक्के फॅट, म्हणजे दुधातला स्निग्धांश, धरून ठरतो. पाण्यामुळे फॅट कमी लागलं की दर कापला जातो. आज त्याची आई, सुनंदा, सोबत आली आहे. ‘आईला मुलाचा संशय येतो’ असं लिहिलं, तर छायाचित्रकारानं काय टिपायचं?

त्यापेक्षा असं लिहा. आधी सीनचं शीर्षक: अंतर्गत, दूध संकलन केंद्र, पहाट. मग कृती. यंत्रावर फॅटचा आकडा येतो, 3.8. सुनंदा कमरेच्या पिशवीतून कालची पावती काढते. तिच्यावर 3.1. ती बाळूकडे बघते. बाळू रिकाम्या कॅनचं झाकण लावतो. लावलेलं झाकण पुन्हा दाबतो.

झालं! पाणी हा शब्दही आला नाही, तरी प्रेक्षकाला सगळं कळलं. प्रेक्षकानं दोन आकडे स्वतः जोडले, म्हणून तो आता या गोष्टीत गुंतला. मला पटकथेतलं हे सगळ्यात मोलाचं वाटतं.

संवादाचंही तसंच. घरी परतताना सुनंदानं ‘तू पाणी घालतोस ना?’ असं विचारलं, तर बाळू हो म्हणेल नाहीतर नाही म्हणेल, आणि प्रसंग तिथेच संपेल. ती एवढंच म्हणू दे, ‘‘उद्यापासनं दूध मी घालत जाईन.’’ आता बाळू काय करणार? पुढचा सीन आपोआप सुरू झाला.

लांबीचा ढोबळ हिशेब एका पानाला एक मिनिट. दहा मिनिटांच्या लघुपटात बाळूचं बालपण, वडिलांचं कर्ज, गावचं राजकारण मावत नाही. एक पेच पुरतो. कॅमेऱ्याचे कोन लिहीत बसू नका, ते दिग्दर्शकाचं काम.

आज रात्री तुमच्या घरातला एखादा अबोला घ्या आणि पानभर लिहा. ‘वाटतं’, ‘आठवतं’, ‘जाणवतं’ ही क्रियापदं सापडली की खोडा, आणि त्या जागी हातांनी काय केलं ते लिहा.