१ टीबीतले ६९ जीबी गेले कुठे?

(पडद्यावर : विंडोजमध्ये हार्ड डिस्कची प्रॉपर्टीज खिडकी)

खोक्यावर १ टीबी. विंडोजमध्ये ९३१ जीबी. दुकानात विचारा, उत्तर ठरलेलं : "फॉरमॅटिंगमध्ये तेवढी जातेच." जाते, पण इतकी नाही.

याच खिडकीत जीबीच्या डावीकडे बाइट्सचा लांबलचक आकडा असतो. वाचायचा कंटाळा येतो, पण वाचा : एक लाख कोटींच्या जरासा वरच. म्हणजे माल पुरा आहे. घोळ भागाकाराचा. डिस्क बनवणारे १०० कोटी बाइटना एक जीबी म्हणतात. विंडोज तोच आकडा १०२४ने तीनदा भागतं आणि पुढे लिहितं मात्र जीबीच.

हे १०२४ आलं मेमरीतून. जागा निवडणाऱ्या, म्हणजे पत्त्याच्या, दहा तारा असल्या की बरोबर १०२४ जागा मोजता येतात. हजाराच्या जवळ, म्हणून इंजिनीअर त्याला 'किलो' म्हणू लागले. किलोला फरक २.४ टक्के, कोणाला बोचणार? टेरापर्यंत तो जवळजवळ दहा टक्के झाला.

(पडद्यावर : साडेतीन इंची फ्लॉपी)

आणि ही तर कमालच. १.४४ एमबी. दोन बाजू, दर बाजूला ८० ट्रॅक म्हणजे गोल पट्टे, दर ट्रॅकवर १८ सेक्टर म्हणजे तुकडे, दर सेक्टरमध्ये ५१२ बाइट. गुणाकार करा : १४,७४,५६०. दशमान (हजाराच्या) हिशेबाने १.४७ एमबी, द्विमान (१०२४च्या) हिशेबाने १.४१. मग १.४४ कुठून? आधी १०२४ने भागलं, १४४० आले. मग त्याला हजाराने भागलं! असलं माप कुठल्याच पद्धतीत बसत नाही, तरी जगभर खपलं.

१९९८मध्ये आंतरराष्ट्रीय विद्युत-तंत्र आयोगाने, आयईसीने, १०२४च्या हिशेबाला वेगळी नावं दिली : किबी, मेबी, गिबी. लिनक्सवाल्यांनी बऱ्याच ठिकाणी ती घेतली. विंडोजने नाही. या कमी दिसणाऱ्या जागेवरून अमेरिकेत ग्राहक कोर्टात गेले. २००६मध्ये डिस्क बनवणाऱ्या वेस्टर्न डिजिटलने तडजोड करून बॅकअपचं सॉफ्टवेअर फुकट दिलं. जागा तेवढीच राहिली. अ‍ॅपलने मॅकच्या २००९च्या स्नो लेपर्ड आवृत्तीपासून सरळ हजाराचा हिशेब धरला, आमच्या मते शहाणपणाचं केलं.

त्यामुळे ६४ जीबीचा एकच पेन ड्राइव्ह आज मॅकला लावला तर चौसष्टच्या आसपास दिसतो, विंडोजला लावला तर एकोणसाठच्या.