आधी खटला, मग कायदा

(पडद्यावर: मॅनहॅटनमधलं संघीय न्यायालय. तारीख उमटते: ६ जून २०२३)

आपल्याकडे शेअर बाजारावर देखरेख ठेवणारी सेबी, तशी अमेरिकेत एसईसी. त्या दिवशी एसईसीने न्यूयॉर्कच्या न्यायालयात कॉइनबेस या कंपनीवर दावा दाखल केला. कॉइनबेस म्हणजे अमेरिकेतला सगळ्यात मोठा क्रिप्टो बाजार. एसईसीचं म्हणणं असं, की तुमच्याकडे ज्या टोकनची, म्हणजे डिजिटल नाण्यांची, खरेदी-विक्री चालते त्यांतली निदान १३ टोकन कायद्याच्या भाषेत रोखे, म्हणजे शेअरसारखी गुंतवणूक, आहेत. रोख्यांचा बाजार चालवायचा तर आमच्याकडे नोंदणी लागते, आणि ती तुम्ही केलेली नाही.

त्या १३ नावांत एक नाव होतं मॅटिक. मॅटिक नेटवर्कची सुरुवात २०१७ साली मुंबईत झाली. पुढे त्याने पॉलिगॉन हे नाव घेतलं, पण त्यांचं चाचणीसाठीचं जाळं कित्येक वर्षं ‘मुंबई’ याच नावाने चालत होतं. गंमत अशी, की मॅटिकचे कर्ते या दाव्यात प्रतिवादी नव्हतेच. दावा कॉइनबेसवर, मॅटिकचं नाव फक्त उदाहरणादाखल. तरीही तीनच दिवसांत रॉबिनहूड या दुसऱ्याच कंपनीने जाहीर केलं, की मॅटिक, सोलाना आणि कार्डानो ही तीन टोकन आम्ही आमच्या ॲपवरून काढतोय. सुनावणी तर दूरच, कॉइनबेसचं उत्तरही तेव्हा दाखल झालेलं नव्हतं.

एखादं टोकन रोखा आहे की नाही, हे त्या घडीला कुणी ठरवलं? संसदेने नाही, न्यायाधीशांनी नाही. एसईसीच्या वकिलांनी लिहिलेल्या एका परिच्छेदाने ठरवलं.

(पडद्यावर: फ्लोरिडा, संत्र्यांच्या बागा, जुनी कृष्णधवल छायाचित्रं)

नियामकाने खटले लढवून कायदा घडवायचा, ही पद्धत क्रिप्टोच्या कितीतरी आधीची आहे. १९३३ च्या अमेरिकी रोखे कायद्यात रोख्यांची लांबलचक यादी आहे, आणि त्या यादीत एक मोघम शब्द आहे: गुंतवणूक करार. त्याची व्याख्या कायद्यात कुठेच नाही.

फ्लोरिडातली हॉवी कंपनी संत्र्याच्या बागेचे पट्टे विकायची. घेणारे बहुतेक परराज्यातले. कंपनीच्याच हॉटेलात सुट्टीला येऊन उतरलेले, शेतीशी काडीचा संबंध नसलेले. जमिनीच्या जोडीला दहा वर्षांचा देखभालीचा करार. त्यात अट अशी, की कंपनीच्या संमतीशिवाय फळ तोडून विकण्यासाठी मालकाला स्वतःच्याच बागेत पाय ठेवता येणार नाही. एसईसी म्हणाली, ही जमिनीची विक्री नव्हे, हा गुंतवणूक करार आहे. खालच्या न्यायालयात एसईसी हरली. अपिलातही हरली. मग १९४६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जिंकली. न्यायमूर्ती फ्रँक मर्फी यांनी कसोटी घालून दिली: लोकांनी एका सामाईक उद्योगात पैसा घातला असेल आणि दुसऱ्याच्या कष्टातून नफा मिळेल अशी आशा त्यांना दाखवली असेल, तर तो गुंतवणूक करार.

महाराष्ट्रातल्या प्रेक्षकांना हे ओळखीचं वाटेल. नव्वदच्या दशकात सागवानाच्या झाडांत पैसे गुंतवा, वीस वर्षांनी लखपती व्हा, अशा जाहिरातींनी वर्तमानपत्रांची पानं भरलेली असायची. तोच प्रकार. फरक इतकाच, की आपल्याकडे सेबीने १९९९ मध्ये सामूहिक गुंतवणूक योजनांसाठी वेगळे नियमच केले. अर्थात तोवर बऱ्याच जणांचे पैसे बुडून गेले होते, हेही खरं.

हॉवीच्या खटल्यात एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. तो शेवटपर्यंत लढला गेला. दोनदा हरूनही एसईसी थांबली नाही, म्हणून सगळ्या देशाला लागू होणारी कसोटी मिळाली.

(पडद्यावर: २०१७ च्या टोकन विक्रीच्या जाहिराती)

आता २०१७. इंटरनेटवर कुणीही उठावं, नवं टोकन काढावं आणि जगभरातून पैसा गोळा करावा, असे ते दिवस. जुलैमध्ये एसईसीने ‘द डाओ’ नावाच्या एका प्रकल्पावर चौकशी अहवाल काढला. कारवाई कुणावरच केली नाही, फक्त सांगितलं, की हॉवीची कसोटी टोकननाही लागू होते. इथवर ठीक. पुढे नियमावली येईल, असं बऱ्याच जणांना वाटलं. नियमावली आली नाही, दावे आले.

टेलिग्रामने टोकनसाठी १७० कोटी डॉलर उभे केले होते. टोकन बाजारात यायच्या ऐन तोंडावर, ऑक्टोबर २०१९ मध्ये, एसईसी न्यायालयात गेली. मार्च २०२० मध्ये मनाई हुकूम मिळाला, आणि टेलिग्रामने १२० कोटी डॉलर परत करून वर १ कोटी ८५ लाखांचा दंड भरला. किक या मेसेजिंग कंपनीची गोष्ट साधारण अशीच, आकडे लहान.

लायब्रीची गोष्ट मात्र वेगळी. न्यू हॅम्पशायरमधली ही छोटी कंपनी व्हिडिओ ठेवण्याचं खुलं जाळं चालवायची, आणि त्यावर तिचं टोकन वापरलं जायचं. तिने कुणाला फसवल्याचा आरोप एसईसीनेही केला नव्हता. आरोप एकच, नोंदणीशिवाय विक्री. नोव्हेंबर २०२२ मध्ये कंपनी हरली. आधी एसईसीने २ कोटी २० लाख डॉलर मागितले होते. कंपनीकडे तेवढे नाहीतच म्हटल्यावर दंड ठरला १ लाख ११ हजार ६१४ डॉलर. पण कंपनी तोवर संपली होती, वकिलांच्या बिलांनीच.

बहुतेक कंपन्या इतक्या लांबपर्यंत गेल्याच नाहीत. तडजोड करायची, आरोप मान्यही करायचे नाहीत आणि नाकारायचेही नाहीत, दंड भरायचा आणि मोकळं व्हायचं. क्रिप्टोवर व्याज देणाऱ्या ब्लॉकफायने २०२२ मध्ये एसईसी आणि राज्यं मिळून १० कोटी डॉलर भरायचं कबूल केलं. क्रॅकेन या क्रिप्टो बाजाराने २०२३ मध्ये ३ कोटी. तडजोडीत न्यायालय कायद्यावर काही ठरवत नाही, पण पुढच्या कंपनीचे वकील मात्र ती तडजोड कायदा समजूनच वाचतात. एसईसीच्याच एक आयुक्त हेस्टर पीअर्स यांनी क्रॅकेनच्या वेळी जाहीर विरोध नोंदवला: नव्या उद्योगाला कायदा कळवण्याची ही रीत कार्यक्षमही नाही आणि न्याय्यही नाही.

त्याआधी जुलै २०२२ मध्ये तर कमाल झाली. कॉइनबेसच्या एका माजी कर्मचाऱ्यावर आतली माहिती फोडल्याचा दावा होता. त्या दाव्यात एसईसीने जाता जाता नऊ टोकनना रोखे म्हणून टाकलं. ती टोकन काढणारं कुणीही त्या न्यायालयात नव्हतं. वायदेबाजाराच्या नियामक मंडळावरच्या आयुक्त कॅरोलाइन फाम यांनी, म्हणजे दुसऱ्या सरकारी संस्थेतल्या अधिकारी व्यक्तीने, यावर उघड टीका केली.

दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर हा माहितीपट क्रिप्टो कंपन्यांची जाहिरात होईल. गॅरी गेन्सलर एप्रिल २०२१ मध्ये एसईसीचे अध्यक्ष झाले, त्याआधी ते एमआयटीत क्रिप्टोमागचं ब्लॉकचेन तंत्रज्ञान शिकवत होते. विषय कळत नव्हता असं त्यांच्याबद्दल म्हणता येणार नाही. नियम स्पष्टच आहेत, या आणि नोंदणी करा, हे त्यांचं पालुपद. मे २०२२ मध्ये टेरा हे क्रिप्टोचं जाळं कोसळलं आणि सुमारे ४,००० कोटी डॉलर हवेत विरले. नोव्हेंबरमध्ये एफटीएक्स हा क्रिप्टो बाजार बुडाला. अशा वेळी दोन-तीन वर्षं नियमांचे मसुदे फिरवत बसा, असं गुंतवणूकदारांच्या तोंडावर कोण सांगणार? शिवाय एसईसी बहुतेक खटले जिंकत होती. माझ्या मते कायद्याच्या मुद्द्यावर ती फारशी चुकत नव्हती. अडचण वेगळीच होती, आणि ती रिपलच्या खटल्यात उघडी पडली.

(पडद्यावर: २२ डिसेंबर २०२०)

एसईसीचे तेव्हाचे अध्यक्ष जे क्लेटन दुसऱ्या दिवशी पद सोडणार होते. जाता जाता दावा दाखल झाला: रिपल कंपनीने एक्सआरपी हे टोकन विकून १३० कोटी डॉलरहून जास्त पैसा नोंदणीशिवाय गोळा केला. कंपनीबरोबर तिचे मुख्याधिकारी ब्रॅड गार्लिंगहाऊस आणि सहसंस्थापक क्रिस लार्सन हे दोघेही प्रतिवादी. काही आठवड्यांतच कॉइनबेसने एक्सआरपीचे व्यवहार थांबवले.

रिपलकडे पैसा होता, म्हणून ती लढली. खटला संपेपर्यंत खर्च २० कोटी डॉलरपर्यंत जाईल, असं गार्लिंगहाऊस यांनी २०२३ मध्ये सांगितलं. लायब्रीला जो प्रश्न विचारताना दिवाळं वाजलं, तोच प्रश्न विचारायला इथे एवढी रक्कम लागली.

लढाईत एक जुनं भाषण वर आलं. एसईसीचे एक वरिष्ठ अधिकारी विल्यम हिनमन यांनी जून २०१८ मध्ये म्हटलं होतं, की इथर हे दुसरं मोठं टोकन आजच्या रूपात रोखा नाही. मग एक्सआरपी का, हा रिपलचा सवाल. भाषणाचे मसुदे आणि त्यावरचे अंतर्गत ईमेल देणार नाही, म्हणून एसईसी कितीतरी महिने झगडली. अखेर जून २०२३ मध्ये ते उघड झाले. भाषणातले काही मुद्दे हॉवीच्या कसोटीशी जुळत नाहीत, त्याने गोंधळ वाढेल, असं खुद्द एसईसीतल्याच सहकाऱ्यांनी त्यांना कळवलं होतं.

१३ जुलै २०२३ ला न्यायाधीश ॲनालिसा टॉरेस यांचा निकाल आला. रिपलने मोठ्या संस्थांना करार करून थेट विकलेलं ७२ कोटी ८९ लाख डॉलरचं एक्सआरपी, तो गुंतवणूक करार. पण बाजारातून, कोण विकतंय हे घेणाऱ्याला माहीत नसताना झालेली ७५ कोटी ७६ लाखांची विक्री, तो नाही. सामान्य माणसाला वाटेल की कायदा छोट्या गुंतवणूकदारासाठी असतो. इथे बड्या संस्थांना संरक्षण मिळालं आणि बाजारातल्या फुटकळ ग्राहकाला नाही. तर्क समजतो, पण पचत नाही.

न्यायाधीश जेड रॅकॉफ यांनाही तो पचला नसावा. अठराच दिवसांनी, त्याच न्यूयॉर्क जिल्हा न्यायालयात, टेराच्या खटल्यात त्यांनी लिहिलं की टोकन कुठून घेतलं यावरून असा भेद आम्ही करणार नाही. म्हणजे एकच कायदा, एकच न्यायालय, एकच महिना आणि उत्तरं दोन. पुढे टेराला ४४७ कोटी डॉलरची तडजोड करावी लागली. रिपलच्या बाबतीत एसईसीने सुमारे २०० कोटी मागितले आणि ऑगस्ट २०२४ मध्ये मिळाला साडेबारा कोटींचा दंड आणि एक मनाई हुकूम. ऑक्टोबरमध्ये एसईसी अपिलात गेली. दोनांतलं खरं उत्तर कोणतं, ते आता वरचं न्यायालय सांगणार होतं.

(पडद्यावर: कॉइनबेसचा अर्ज, न्यायालयाचे शिक्के)

दरम्यान कॉइनबेस वेगळ्या दारावर टकटक करत होती. दावा व्हायच्या वर्षभर आधी, जुलै २०२२ मध्ये, तिने एसईसीलाच अर्ज केला: क्रिप्टोसाठी नियम करा. सोबत प्रश्नांची मोठी यादी. दीड वर्षाने एसईसीने तो फेटाळला, तोही त्रोटक कारण देऊन. १३ जानेवारी २०२५ ला अपील न्यायालयाने सुनावलं, की हे कारण मनमानी आहे, नीट खुलासा करा. नियम कराच, असा आदेश मात्र दिला नाही. न्यायमूर्ती स्टेफानोस बिबास यांनी स्वतंत्र मत जोडलं, आणि ते जास्त झोंबणारं होतं: जुने नियम या तंत्रज्ञानाला बसत नाहीत, आणि काय करावं हे न सांगता कारवाई करत सुटणं घटनेच्या दृष्टीनेही चिंतेचं आहे.

आठवड्याभरात वॉशिंग्टनमधलं सरकार बदललं. निवडणुकीत क्रिप्टो कंपन्यांनी पाण्यासारखा पैसा ओतला होता. फेअरशेक या राजकीय निधीला भरभरून देणाऱ्यांत कॉइनबेस आणि रिपल दोघीही होत्या. गेन्सलर गेले. २७ फेब्रुवारी २०२५ ला एसईसीने कॉइनबेसवरचा दावा मागे घेतला, पुन्हा आणता येणार नाही अशा रीतीने. न्यायालयात दिलेल्या कागदात एसईसीने स्वतःच नोंदवलं, की हा निर्णय आरोपांच्या खरे-खोटेपणावर आधारलेला नाही, आम्हाला आमचं धोरण बदलायचंय.

म्हणजे मॅटिक रोखा होतं की नव्हतं? त्या खटल्यात न्यायालयाने शेवटचं उत्तर दिलंच नाही. खटल्यातून कायदा घडवण्याची अडचण ही इथे आहे. वादी उठून गेला की कायदाही त्याच्याबरोबर उठून जातो.

रिपलमध्ये मात्र एक न्यायाधीश अडून बसल्या. २०२५ च्या मे महिन्यात एसईसी आणि रिपल, साडेचार वर्षांचे वैरी, एकत्र येऊन टॉरेस यांना म्हणाले: दंड ५ कोटींवर आणा, मनाई हुकूम उठवा, आमचं आपसात ठरलंय. त्यांनी नकार दिला. जूनमध्ये पुन्हा विनंती, पुन्हा नकार. अंतिम निकाल लागल्यावर तो आपल्याला लागू नाही, असं दोन पक्षकारांना परस्पर ठरवता येत नाही, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं. एसईसीने २०२० पासून जे मागितलं होतं, ते आता एसईसीच्याच विरोधात जाऊन टॉरेस राखत होत्या.

जुलैमध्ये अमेरिकी संसदेने स्थिर किमतीच्या टोकनसाठी जीनियस कायदा केला. कोणतं टोकन रोखा आणि कोणतं नाही, हे ठरवणारं क्लॅरिटी विधेयकही त्याच आठवड्यात प्रतिनिधिगृहात मंजूर झालं. आणि ७ ऑगस्टला एसईसी व रिपल दोघांनीही आपापली अपिलं मागे घेतली. दंड साडेबारा कोटींचाच राहिला. टॉरेस बरोबर की रॅकॉफ, यावर अपील न्यायालयाला एक ओळही लिहावी लागली नाही.