अमेरिकन सरकारचा एआयवरचा पैसा: लेबल एकीकडे, फळ दुसरीकडे

नमस्कार मंडळी. आज एआयबद्दल बोलूया, पण चॅटबॉट आणि नोकऱ्या हा विषय बाजूला ठेवू, त्यावर रोजच कुणी ना कुणी बोलतंय. मला बोलायचंय पैशाबद्दल, आणि तेही सरकारच्या पैशाबद्दल. अमेरिकेचं केंद्र सरकार एआयच्या संशोधनावर किती खर्च करतं, कुठल्या खात्यातून करतं, आणि त्यातून खरंच हाताला काय लागतं.

प्रश्न साधा वाटतो, पण उत्तर काढताना घाम फुटतो, कारण तिकडे एआयचं असं एक खातंच नाही. नॅशनल सायन्स फाउंडेशन विद्यापीठांना ग्रँट देतं, आरोग्य संशोधनाचा पैसा एनआयएचकडून येतो, ऊर्जा खातं आपल्या नॅशनल लॅबमधल्या सुपरकॉम्प्युटरवर खर्च करतं, शेती खातं वेगळं, नासा वेगळं, आणि संरक्षण खात्याचा हिशोब तर स्वतंत्रच, त्यातला काही भाग गुप्त. 2016 मध्ये ओबामांच्या काळात व्हाइट हाऊसनं एक आकडा सांगितला होता, 2015 साली गुप्त नसलेल्या एआय संशोधनावर साधारण 110 कोटी डॉलर खर्च झाले म्हणून. पुढे 2024 च्या बजेटमध्ये एकट्या संरक्षण खात्यानं एआयसाठी 180 कोटी डॉलर मागितले. 2021 मध्ये गूगलचे माजी प्रमुख एरिक श्मिट ज्याचे अध्यक्ष होते त्या एआयवरच्या राष्ट्रीय आयोगानं सांगितलं की संरक्षण सोडून बाकीचा संशोधन खर्च दरवर्षी दुप्पट करत न्या आणि 2026 पर्यंत वर्षाला 3200 कोटी डॉलरवर आणा, 2024 मध्ये सिनेटमधल्या दोन्ही पक्षांच्या चार सदस्यांनी परत तोच आकडा मांडला, पण प्रत्यक्षात त्याच्या आसपासही कुणी फिरकलं नाही.

आता याच्या शेजारी एक दुसरा आकडा ठेवा. एकट्या मायक्रोसॉफ्टनं 2025 च्या आर्थिक वर्षात एआयच्या डेटा सेंटरवर सुमारे 8000 कोटी डॉलर घालणार असं जाहीर केलं. म्हणजे मशीनच्या शर्यतीत सरकार कंपन्यांना गाठूच शकत नाही, आणि माझं स्पष्ट मत आहे की गाठायची गरजही नाही. सरकारी पैशानं जी कामं झालीत ती बघितली की कळतं, खरं फळ कुठल्या कामाला लागलं ते.

एक उदाहरण जरा तपशिलात सांगतो. मशीनला हाताने लिहिलेले आकडे ओळखायला शिकवणं हा एआयचा जुना अभ्यास, आणि आजही जगभरातला विद्यार्थी, पुण्यातला असो की पिट्सबर्गमधला, पहिला धडा त्यावरच गिरवतो. त्यासाठी जो डेटा वापरतात त्याला एमनिस्ट म्हणतात, शिकवायला 60,000 आकडे आणि तपासायला 10,000, प्रत्येक आकडा 28 बाय 28 ठिपक्यांच्या चौकोनात. हे आकडे लिहिले कुणी? अमेरिकेच्या जनगणना खात्याच्या कर्मचाऱ्यांनी आणि हायस्कूलच्या पोरांनी. तिकडच्या निस्ट नावाच्या सरकारी संस्थेनं, जिचं मूळ काम वजनं-मापं आणि मानकं ठरवायचं, छापील फॉर्म वाटले, त्यात चौकटी होत्या, चौकटीत आकडे लिहायचे, अक्षरं लिहायची आणि खाली एका मोठ्या चौकटीत अमेरिकेच्या राज्यघटनेचा सरनामा आपल्या हातानं उतरवायचा. जनगणनेचे फॉर्म मशीननं वाचावेत एवढीच तेव्हाची गरज. नंतर यान लेकून या एआय संशोधकानं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातले आकडे निवडून, नीट आकारात बसवून सगळ्यांसाठी खुले केले. त्याच्याही आधी, 1989 मध्ये, लेकून यांनी बेल लॅब या टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत जे न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणं बघून शिकणारा प्रोग्रॅम, शिकवलं त्याचे आकडे होते बफेलो शहराच्या पोस्टातून गेलेल्या पत्रांवरच्या पिनकोडचे. पोस्ट आणि जनगणना! एआयच्या बजेटमध्ये यातला एक डॉलर तरी कुणी मोजला असेल का?

दुसरं उदाहरण याहून मोठं. 1971 मध्ये न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकहेवन नॅशनल लॅबमध्ये प्रोटीन डेटा बँक सुरू झाली. प्रोटीनचा रेणू अवकाशात कसा दुमडलेला असतो त्याचे नकाशे एका ठिकाणी जमवायचे आणि कुणालाही फुकट द्यायचे, एवढंच काम. सुरुवातीला जेमतेम सात नकाशे होते. एकेक नकाशा काढायला क्ष-किरणांखाली महिने जायचे, कधी वर्षं जायची, आणि प्रत्येक प्रयोगशाळेनं आपला नकाशा तिथे आणून ठेवायचा. पन्नास वर्षं या कामाला अमेरिकेच्या तीन सरकारी संस्था पैसा पुरवत राहिल्या, सायन्स फाउंडेशन, एनआयएच आणि ऊर्जा खातं, त्यात चमकण्यासारखं काही नव्हतं, बातमी होण्यासारखंही नव्हतं. मग आला अल्फाफोल्ड, प्रोटीन कसं दुमडेल त्याचा अंदाज सांगणारा गूगलच्या डीपमाइंडचा एआय, आणि तो शिकला याच बँकेतल्या साधारण 1 लाख 70 हजार नकाशांवर. 2024 चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यासाठी डीपमाइंडच्या डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना मिळालं, सोबत नवीन प्रोटीन घडवण्याच्या कामासाठी डेव्हिड बेकर यांना. ही बँक नसती तर अल्फाफोल्डला शिकायला काही नसतंच, आणि ती कुठल्याही कंपनीनं उभी केली नसती, कारण पन्नास वर्षं वाट बघणारा शेअरहोल्डर कुठे असतो.

म्हणून मला जी गोष्ट मनापासून खटकते ती ही. मे 2025 मध्ये ट्रम्प सरकारनं 2026 चं जे बजेट मांडलं त्यात सायन्स फाउंडेशनचे साधारण 900 कोटी डॉलर खाली आणून 390 कोटी करायचे असा प्रस्ताव होता, निम्म्याहून जास्त कपात, आणि त्याच वेळी एआय आणि क्वांटम तंत्रज्ञानाला प्राधान्य देतोय असंही सांगितलं. अहो पण उद्याच्या एआयला लागणारा डेटा जीवशास्त्रातून येणार, हवामानशास्त्रातून येणार, भाषांच्या अभ्यासातून येणार, त्या सगळ्याला कात्री लावून वर एआय राखलं म्हणजे मुळावर कुऱ्हाड घालून फांदीला पाणी घालण्यासारखं झालं. अमेरिकेच्या संसदेत हाऊसच्या आणि सिनेटच्या, दोन्ही समित्यांनी एवढी मोठी कपात मान्य केली नाही हे बरं झालं. आणि हे फक्त तिकडचं दुखणं समजू नका, आपल्याकडची कितीतरी पोरं अमेरिकेत पीएचडी करतात त्यांचा महिन्याचा पगार अशाच ग्रँटमधून निघतो, ग्रँट आटली की प्रोफेसर नवीन विद्यार्थी घेणंच बंद करतो.

पैसा अचानक बंद करायची सवय तिकडे जुनी आहे. 1966 मध्ये एका सरकारी समितीनं सांगितलं की मशीनचं भाषांतर माणसापेक्षा हळू, कमी अचूक आणि महाग पडतं, झालं, त्या क्षेत्राचा पैसा अनेक वर्षं आटला. मग संरक्षण खात्याच्या अर्पा, म्हणजे आजच्या डार्पानं 1971 मध्ये बोलणं समजणाऱ्या मशीनसाठी पाच वर्षांचा कार्यक्रम घेतला. आंध्रातल्या खेड्यात जन्मलेले राज रेड्डी कार्नेगी मेलन विद्यापीठात या कामात होते, त्यांच्या गटाच्या हार्पी या सिस्टिमला 1976 पर्यंत हजारभर शब्द कळायला लागले, ठरलेलं उद्दिष्ट गाठलं, आणि तरीही पुढचा पैसा थांबला. परत सुरू व्हायला ऐंशीचं दशक अर्धं उलटलं. रेड्डींना 1994 मध्ये ट्युरिंग पुरस्कार मिळाला. आज तुम्ही फोनशी मराठीत बोलता आणि तो ऐकतो, त्यामागे या लोकांची मेहनत आहे, पण मधली ती वाया गेलेली वर्षं परत येत नाहीत.

आणि हो, घोषणा ऐकताना एक लक्षात असू द्या. अमेरिकेत कायदा करून रकमेला मंजुरी देणं वेगळं आणि दरवर्षीच्या बजेटमधून ती रक्कम खरंच देणं वेगळं. 2022 च्या चिप्स अँड सायन्स कायद्यात विज्ञानासाठी मोठमोठे आकडे लिहिले होते, त्यातला बराच पैसा नंतरच्या बजेटमध्ये आलाच नाही.

चांगलं काम चालू नाही असं अजिबात नाही. सायन्स फाउंडेशननं 2020 पासून एआय संशोधनाच्या संस्था उभ्या केल्या, प्रत्येकीला पाच वर्षांसाठी साधारण 2 कोटी डॉलर, आणि त्यातल्या काहींचा पैसा शेती खातं देतं. वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीतल्या संस्थेत द्राक्षाची वेल किती थंडी सोसेल याचा अंदाज मशीनकडून काढून घेतात, म्हणजे थंडीची लाट यायच्या आधी बागायतदाराला ठरवता येतं की बाग वाचवायला खर्च करायचा की नाही. नाशिककडे निफाडात डिसेंबर-जानेवारीत पारा घसरला की रात्री बागेत शेकोट्या पेटवणाऱ्यांना याची किंमत वेगळी सांगायला नको.

आता आपल्याकडे बघा. मार्च 2024 मध्ये केंद्र सरकारनं इंडियाएआय मिशनला मंजुरी दिली, पाच वर्षांसाठी साधारण 10,372 कोटी रुपये. त्यातले साडेचार हजार कोटींहून जास्त जीपीयू, म्हणजे एआयला लागणाऱ्या खास चिप, आणि कम्प्युटिंगला, आणि डेटासेटच्या प्लॅटफॉर्मला किती, तर साधारण 200 कोटी, म्हणजे दोन टक्केही नाही. मशीन लागणारच, त्याबद्दल माझी तक्रार नाही, पण मशीन चार-पाच वर्षांत जुनं होतं आणि नीट जमवलेला डेटा पन्नास वर्षं कामाला येतो, हे त्या प्रोटीनच्या बँकेनं दाखवून दिलंय. अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी बोलणाऱ्यांचे आवाज, कृषी विद्यापीठांच्या प्रयोगांच्या जुन्या नोंदी, गावोगावच्या पावसाच्या वह्या, हे सगळं गोळा करून, तपासून, सरकारच्या एआयकोश या डेटाच्या पोर्टलवर कुणालाही वापरता येईल असं ठेवायला पैसा लागतो, माणसं लागतात, आणि कुठलीही कंपनी हे करायला पुढे येणार नाही. बजेटच्या वेळी तुमचे खासदार भेटले तर त्या 200 कोटींबद्दल विचारा, त्यातले किती खर्च झाले आणि मराठीच्या वाट्याला काय आलं. नमस्कार.