पाठीला साबण कोण लावतं?

श्रोतेहो, नमस्कार.

मी मूळची मिरजेची. नर्सिंग इथंच शिकले, इथल्याच वॉर्डात सहा वर्षं रात्रपाळ्या केल्या, आणि लग्न झाल्यावर अमेरिकेत न्यू जर्सीला गेले. तिथली परीक्षा देऊन परत नर्स झाले. पण गेली नऊ वर्षं मी दवाखान्यात नाही, एका आरोग्य विमा कंपनीत नोकरी करते. हे सांगितलं की इकडं हमखास विचारतात, म्हणजे तू पॉलिसी विकतेस? नाही. मग क्लेम पास करतेस? तेही नाही. मी म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाते, दारात चपला काढते, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसते आणि विचारते, "काल अंघोळ केलीत, तेव्हा पाठीला साबण कुणी लावला?"

हा प्रश्न विमा कंपनीच्या माणसानं का विचारायचा, तेच आज सांगायचंय.

अमेरिकेत सरकारच्या दोन योजना आहेत, मेडिकेअर आणि मेडिकेड. नावं इतकी सारखी की तिथं जन्मलेली माणसंही गोंधळतात. दोन्हींच्या कायद्यावर 30 जुलै 1965 ला अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी एकदमच सही केली. मेडिकेअर मुख्यतः वयाची 65 वर्षं झालेल्यांसाठी, आणि मेडिकेड ज्यांच्या हातात पैसा नाही त्यांच्यासाठी. हृदयाचं ऑपरेशन असो, डायलिसिस असो, मेडिकेअर खर्च देतं. पण रोज सकाळी हाताला धरून उठवायला, संडासला न्यायला, घास भरवायला वर्षानुवर्षं माणूस लागतं, त्याचे पैसे मेडिकेअर देत नाही. चांगली शिकली-सवरलेली माणसंही इथंच फसतात. त्यांना वाटतं, आयुष्यभर कर भरला, आता सगळं सरकार बघेल. आईचं खुब्याचं हाड मोडतं, ऑपरेशन छान होतं, आई घरी येते, आणि तिसऱ्या आठवड्यात लेकीला कळतं की आता बघायला कुणीच नाही.

हा रोजच्या आधाराचा खर्च मेडिकेड देतं. पण पूर्वी तो मिळायचा मुख्यतः नर्सिंग होममध्ये जाऊन राहिलं तर. आपल्याकडं नर्सिंग होम म्हटलं की छोटा दवाखाना, बाळंतपणाचा. तिकडं नर्सिंग होम म्हणजे म्हातारी, अपंग माणसं कायमची जाऊन राहतात ती जागा. एका खोलीत दोन पलंग, मध्ये पडदा. काही चांगली असतात. तरी आपलं घर ते आपलं घर.

यात फरक पडायला एक लहान मुलगी कारण झाली. आयोवा राज्यातली केटी बेकेट. 1978 चा जन्म. काही महिन्यांची असताना मेंदूला सूज आली, श्वासासाठी यंत्र लागलं, आणि ती दवाखान्यातच वाढू लागली. पुढं डॉक्टर म्हणाले, हिला घरी नेता येईल. आईवडील तयार होते. पण दवाखान्यात असेपर्यंत मेडिकेड खर्च देणार, आणि घरी नेली की आईवडिलांची मिळकत धरून मदत बंद, असा नियम! घरी सांभाळणं स्वस्त पडत होतं, तरीसुद्धा. नोव्हेंबर 1981 मध्ये खुद्द अध्यक्ष रेगन यांनी पत्रकार परिषदेत ही गोष्ट सांगितली, आणि त्या नाताळाच्या आधी केटी घरी आली. त्याच वर्षी राज्यांना माणसाच्या घरात सेवा देण्यासाठी मेडिकेडचे पैसे वापरायची वाट खुली झाली. केटी 2012 पर्यंत जगली, शिकली, स्वतःच्या घरात राहिली. कामावर नव्यानं येणाऱ्या मुलींना मी तिची गोष्ट पहिल्या दिवशी सांगते.

आता विमा कंपनी यात कुठून आली? न्यू जर्सीनं 1 जुलै 2014 पासून मेडिकेडचं हे काम विमा कंपन्यांच्या हाती दिलं. राज्य सरकार दर माणसामागं महिन्याला ठरावीक रक्कम कंपनीला देतं. त्यात त्या माणसाचं डॉक्टर, औषधं, घरी येणारी मदतनीस, सगळं कंपनीनं बघायचं. माणूस नर्सिंग होममध्ये गेला की खर्च खूप वाढतो, घरात राहिला तर कमी. म्हणून कंपनी मला घरोघरी पाठवते. मागं हिशेब आहे, हे मी लपवत नाही. पण ज्या हिशेबानं आजीला तिच्या खिडकीतली तुळस सोडावी लागत नाही, तो हिशेब मला मान्य आहे.

माझ्याकडं साठेक माणसं आहेत. घरात राहणाऱ्या प्रत्येकाला निदान दर नव्वद दिवसांनी समक्ष भेटायचं, हा नियम. त्याआधी पात्रता ठरते. खाणं, अंघोळ, कपडे घालणं, संडास, पलंगावरून उठून खुर्चीत बसणं अशा रोजच्या कामांपैकी निदान तीन कामांत दुसऱ्याचा हात लागत असेल तर माणूस पात्र. कागदावर सोपं दिसतं. पण आपल्या आज्या!

एक आजी होत्या, शहाऐंशीच्या, सातारकडच्या. मी विचारलं, अंघोळ तुमची तुम्ही करता? "हो तर. सगळं माझं मी करते." कपडे? "मीच घालते." मागं ओट्याशी सून उभी होती, ती माझ्याकडं बघून नुसती मान हलवत होती. आजींना खोटं बोलायचं नव्हतं. आयुष्यभर दुसऱ्यांचं केलेली बाई, परक्या बाईसमोर कसं म्हणेल की मला माझं धुता येत नाही? पण त्यांचं "हो" मी तसंच लिहिलं असतं तर त्या घराला काहीच मिळालं नसतं. मग मी कागद बाजूला ठेवला. मिरजेच्या गप्पा झाल्या, चहा झाला. नंतर म्हटलं, आजी, बादलीतनं तांब्या भरून जरा डोक्यापर्यंत नेऊन दाखवा बरं. त्यांनी रिकामा तांब्या उचलला, तो छातीपर्यंत गेला आणि तिथंच थांबला. मी विचारलं, मग पाठीला साबण कोण लावतं? आजींनी सुनेकडं बघितलं आणि हळूच म्हणाल्या, "हीच लावते. चार वर्षं झाली."

त्या चार वर्षांत कुणी त्या सुनेला एका शब्दानं विचारलं नव्हतं. ती रात्री एका गोदामात काम करायची आणि सकाळी सासूची अंघोळ घालून झोपायची. न्यू जर्सीत पर्सनल प्रेफरन्स प्रोग्रॅम नावाची सोय आहे. मदतनीस एजन्सीची बाईच असली पाहिजे असं नाही. ठरलेल्या रकमेत माणूस आपल्या पसंतीचं कुणी नेमू शकतो, नातेवाईकसुद्धा, आणि त्याला तासांप्रमाणं रीतसर पगार मिळतो. आजींनी सुनेला नेमलं. सुनेनं गोदामातल्या रात्रपाळ्या सोडल्या. सासूला अंघोळ घालायचा पगार घ्यायचा म्हणजे कसंतरीच, असं काही नातेवाईक म्हणाले. मला त्यात कसंतरी काहीही वाटत नाही. बाईच्या कष्टाला कष्ट म्हणून कुणीतरी वहीत लिहिलं, याचा मला मनापासून आनंद झाला.

बाकीची कामं लहान लहान. न्हाणीघरात धरायला दांड्या बसवून घेणं, टबात बसायला स्टूल, गळ्यात घालायचं बटण, पडलं तर दाबून मदत बोलवायला. जमिनीवरचे छोटे गालिचे मी पहिल्या भेटीतच गुंडाळायला लावते. आणि औषधं बघते. यादी मला नको असते, मी बाटल्याच मागते. एकदा एका आजोबांनी बुटाच्या खोक्यातून अठरा बाटल्या टेबलावर ओतल्या. त्यात एक लोप्रेसर आणि एक मेटोप्रोलॉल. औषध एकच, हृदयाची गती कमी करणारं. एकावर कंपनीनं ठेवलेलं नाव, दुसऱ्यावर औषधाचं मूळ नाव. एक नेहमीच्या डॉक्टरांनी दिलेलं, दुसरं दवाखान्यातून घरी सोडताना दिलेलं. आजोबा इमानेइतबारे दोन्ही घेत होते आणि महिनाभर उठलं की चक्कर येते म्हणत होते. दोन्ही डॉक्टर हुशार होते. पण सगळ्या बाटल्या एका टेबलावर कुणी मांडल्याच नव्हत्या. मी तिथूनच त्यांच्या डॉक्टरांना फोन लावला, आणि त्यांनी एक औषध त्याच दिवशी बंद केलं.

मला विचाराल तर माझी नोकरी एवढीच आहे. फिजिओथेरपीवाला, मदतनीस, डॉक्टर, फार्मसी, मुलगा, सून, सगळे आपापलं नीट करत असतात. कोण काय करतंय हे सगळं ठाऊक असलेलं एक माणूस लागतं.

न्यू जर्सीतल्या एडिसन गावात आपल्या लोकांची डे केअर केंद्रं आहेत. सकाळी व्हॅन दारात येते. तिथं नर्स असते, रक्तदाब, साखर बघतात, वरण-भात-भाजी असं जेवण, मग पत्ते, भजन, आणि दुपारी घरी. दिवसभर बंद घरात टीव्हीकडं बघत बसलेली माणसं दोन महिन्यांत बदललेली मी पाहिली आहेत. अमेरिकेतल्या अशा सुरुवातीच्या कामांपैकी एक सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमधलं. तिथल्या चिनी, इटालियन, फिलिपिनो घरांना आपली म्हातारी माणसं नर्सिंग होममध्ये पाठवणं पटत नव्हतं. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला तिथं ऑन लोक नावाचं काम उभं राहिलं. नावाचा अर्थ शांत, सुखाचं घर. दिवसा केंद्रात सगळी काळजी, रात्री आपल्या घरी. पुढं देशभर पेस या नावानं तसे कार्यक्रम सुरू झाले. बाहेरून आलेल्या लोकांच्या हट्टातून हे निघालं, याचा मला अभिमान वाटतो.

आता दुखरी बाजूही सांगते. जो हिशेब माणसाला घरी ठेवतो, तोच हिशेब मदतनिसाचे तासही कापू बघतो. रक्कम ठरलेली, मग तास कमी झाले की कंपनीचे पैसे वाचतात. कंपवात झालेले एक गृहस्थ होते. त्यांची फेरतपासणी करायला दुसरी नर्स गेली, सकाळी साडेदहाला. कंपवाताच्या औषधाचं असं असतं, गोळीनंतर तासाभरानं माणूस बरा चालतो आणि पुढच्या गोळीच्या आधी जागच्या जागी खिळतो. ती गेली तेव्हा ते चालत होते. आठवड्याचे 35 तास होते, ते 22 वर आले. पत्रावर माझ्याच कंपनीचं नाव. मला त्या रात्री झोप आली नाही.

अपील करायला साठ दिवस असतात. पण अपील चालू असताना जुने तास चालू ठेवायचे असतील तर दहाच दिवसांत मागावं लागतं, आणि ही ओळ पत्रात कुठंतरी खाली असते. त्यांच्या मुलीला मी ती ओळ बोट ठेवून दाखवली. हक्क समजावून सांगणं हे माझ्या कामातच लिहिलेलं आहे, मी चोरून काही केलं नाही. दुपारी चारला, गोळीच्या आधी, वडील खुर्चीतून उठायला बघतायत पण पाय उचलत नाही, असा व्हिडिओ तिनं जोडला. तास परत मिळाले. पण ज्यांना ती ओळ कुणी दाखवत नाही, त्यांचं काय होत असेल, हे मनातून जात नाही.

ऐकणाऱ्यांत कितीतरी जणांची मुलं तिकडं असतील, म्हणून थोडं नीट सांगते. व्हिजिटर व्हिसावर गेलात तर या योजना तुम्हाला लागू नाहीत. ग्रीन कार्ड मिळालं तरी साधारणपणे पहिली पाच वर्षं मेडिकेड नाही, आणि तिथं नोकरी केलेली नसेल तर मेडिकेअर विकत घ्यायलाही पाच वर्षं सलग राहावं लागतं. मेडिकेडच्या या रोजच्या आधारासाठी अर्ज केला की मागच्या पाच वर्षांत पैसे कुणाला दिले, घर कुणाच्या नावे केलं, तेही तपासतात. मिरजेतला फ्लॅट घाईनं मुलाच्या नावावर करून मग अर्ज करू, असं कुणी सुचवलं तर आधी तिथल्या वकिलाला विचारा. आणि माणूस गेल्यावर दिलेल्या खर्चाची वसुली राज्य मागं राहिलेल्या मालमत्तेतून करू शकतं. सही करताना मुलांना हे माहीत असू द्या.

इकडं आल्यापासून मी माझ्या आईचं तेच केलं. एक दोनशे पानी वही आणली. पहिल्या पानावर औषधांची मूळ नावं, रॅपर बघून उतरवलेली. दुसऱ्या पानावर डॉक्टर, औषधांचं दुकान, रिक्षावाले काका आणि शेजारच्या वहिनी, सगळ्यांचे नंबर. वही माझ्या वहिनींकडं नाही, भावाकडं दिली आहे. दर रविवारी तोच लिहिणार. काल पहिला रविवार होता. त्यानं आईला विचारलं, काही लागतं का तुला? आई म्हणाली, काही नाही रे, सगळं माझं मी करते.

मी त्याला म्हटलं, असं नाही विचारायचं. तांब्या दे तिच्या हातात.

नमस्कार.