पहिला आकडा कोणी बोलायचा?

मंडळी, द्राक्षबागेचा सौदा ठरतो तेव्हा पहिली काही मिनिटे भावाचे नावही कोणी काढत नाही. व्यापारी रांगेतून चालत जातो, एखादा घड तळहातावर तोलतो, मणी दाबून त्याचा रस रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर सोडतो, उजेडाकडे धरून गोडी वाचतो आणि काही न बोलता पुढे सरकतो. मग शेडमध्ये चहा येतो, "बोला मग" असे कोणीतरी म्हणते, आणि आपला शेतकरी उत्तर देतो, "तुम्हीच बोला, तुम्ही बाजारातली माणसं." या एका वाक्याबद्दल मला आज बोलायचे आहे. ते आपण आदराने आणि भिडेपोटी बोलतो, पण वर्षभराच्या कष्टांचे मोल कोणत्या आकड्यापासून मोजायला लागायचे, हे ठरवण्याचा हक्क त्याच क्षणी समोरच्याला देऊन टाकतो.

आमच्या घरी थॉमसन या द्राक्षवाणाची सव्वा एकर बाग होती. मी शाळेत असताना एका हंगामात वडिलांनी असेच "तुम्हीच बोला" म्हटले आणि व्यापारी म्हणाला, "किलोला चोवीस." वडिलांच्या मनात छत्तीस होते, पण चोवीस ऐकल्यावर छत्तीस त्यांच्या ओठांवर येईना. घासाघीस होऊन सत्तावीसला सौदा ठरला. वडील घरी आले ते तीन रुपये वाढवून घेतल्याच्या समाधानात. त्याच आठवड्यात शेजारच्या बागेचा तसाच माल चौतीसने गेला. व्यापाऱ्याने फसवले, असे मी म्हणणार नाही. त्याने आपले काम केले. मला आजही लागते ती गोष्ट अशी की वडिलांनी नफा मोजला तो चोवीसपासून वर, छत्तीसपासून खाली नव्हे.

मनाच्या या सवयीचा अभ्यास झालेला आहे. आमोस ट्वर्स्की आणि डॅनिएल कानेमन यांनी १९७४ साली मांडलेल्या एका प्रयोगात लोकांसमोर शून्य ते शंभर आकड्यांचे चक्र फिरवले जाई. ते दहावर किंवा पासष्टवरच थांबेल अशी योजना होती. त्यानंतर संयुक्त राष्ट्रसंघात आफ्रिकी देशांचे प्रमाण किती टक्के असेल, असे विचारले जाई. दहा पाहिलेल्यांच्या उत्तरांचा मध्य पंचवीस आला, तर पासष्ट पाहिलेल्यांचा पंचेचाळीस. चक्राचा प्रश्नाशी काडीचा संबंध नव्हता, तरी अंदाज त्याच्याकडे ओढला गेला. जाणकार माणसे यातून सुटत असतील असे वाटेल, पण तेही खरे नाही. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या टूसॉन शहरातील घरांच्या दलालांना एकच घर दाखवून मालकाची मागणी मात्र वेगवेगळी सांगितली गेली, आणि त्यांनी केलेले घराचे मूल्यमापन मागणीबरोबर वरखाली झाले.

बागेत हे कसे घडते ते पाहा. प्रत्येक बागेत भाव चढवणारे काही असते आणि भाव पाडणारेही काही असते. "चोवीस" हा शब्द उच्चारला गेला की दोघांचीही नजर तडकलेल्या मण्यांकडे, खालच्या बारीक घडांकडे आणि आभाळाकडे जाते. "अडतीस" म्हटले की तीच नजर मण्याच्या फुगवणीवर, रंगावर, अठराला पोहोचलेल्या ब्रिक्सवर, म्हणजे रसातल्या गोडीच्या मापावर, थांबते. माल तोच असतो, फक्त त्यातले काय मोजायचे ते पहिल्या आकड्याने ठरते.

म्हणून माझे म्हणणे असे की ज्याने अभ्यास केला आहे त्याने आधी बोलावे. अभ्यास म्हणजे काय, तर पहिल्यांदा आपला तळ ठाऊक असणे. हा सौदा फिसकटला तर मी या मालाचे काय करणार, या प्रश्नाचे रुपयांतले उत्तर म्हणजे आपला तळ. द्राक्षाच्या बाबतीत ते बेदाण्यात सापडते. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. समजा बेदाण्याला किलोला एकशे ऐंशी मिळतील आणि तोडणी, डिपिंग (वाळवण्याआधी द्राक्षे द्रावणात बुडवणे), रॅकवरची वाळवणी, प्रतवारी यांचा खर्च किलोमागे चाळीस येईल, तर उरलेल्या एकशे चाळीसला चाराने भागल्यावर पस्तीस येतात. पैसे उशिरा मिळण्याची आणि अवकाळी पावसाची जोखीम धरून त्यातून तीन-चार रुपये वजा करा. हा हिशेब ज्याच्या खिशात आहे, त्याला चोवीस ऐकून घाम फुटत नाही. हा तळ समोरच्याला सांगायचा नसतो, हे वेगळे सांगायला नको.

तळ कळला की आकडा काढायचा तो वरच्या टोकाचा, पण कारण देता येईल असा. परिसरात त्या प्रतीच्या मालाला मिळालेला सर्वांत चांगला भाव हा त्याचा आधार. कारण नसलेला आकडा ऐकून व्यापारी चहा अर्धा टाकून उठतो, आणि पिकलेली बाग त्याच्या परत येण्याची वाट पाहत नाही. कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ साली दाखवले की गोल आकड्यापेक्षा नेमका आकडा अधिक वजन पाडतो, कारण तो हिशेब करून आलेला वाटतो. चाळीसऐवजी साडेअडतीस म्हणण्यात हा फरक आहे, मात्र तो हिशेब खरोखर केलेला असावा. आणि आकड्याबरोबरच रोख किती, उरलेले कोणत्या तारखेला, तोडणी कधी, हेही पहिल्याच वाक्यात यावे. भाव ठरल्यावर उधारीची गोष्ट काढली तर ती मेहरबानी मागितल्यासारखी होते, आणि बुडालेल्या पैशांचा भाव शून्य असतो.

आपल्याला बाजार अजिबात माहीत नसेल, उदाहरणार्थ एखादा नवा वाण पहिल्यांदाच विकायचा असेल, तर आधी ऐकावे. समोरून पडता आकडा आलाच तर त्याच्याशी झगडत बसू नये, कारण "चोवीस कसे परवडेल?" म्हणताना आपण चोवीसच पुन्हा उच्चारतो. २००१ साली ॲडम गॅलिन्स्की आणि थॉमस मुसवायलर यांच्या प्रयोगांत असे आढळले की समोरच्याची अडचण किंवा आपले उद्दिष्ट मनाशी धरले की पहिल्या आकड्याची ओढ सुटते. व्यापाऱ्याची गाडी उभी आहे, मजूर टोळी आली आहे, पुढच्या बाजारात त्याने माल कबूल केला आहे, हे तेव्हा आठवावे आणि आपला तयार आकडा कारणासह मांडावा.

पुढच्या हंगामात आमच्याकडे दुसरा व्यापारी आला. आईने प्रत्येक रांगेतल्या चार-पाच वेलींचे घड मोजून, घडाचे सरासरी वजन काढून, फळछाटणीपासूनचा सगळा खर्च शाळेच्या जुन्या वहीत मांडला होता, आणि आजूबाजूच्या पाच बागांचे भावही विचारून ठेवले होते. चहा यायच्या आधीच वडील म्हणाले, "साडेसदतीस. निम्मे तोडणीच्या दिवशी, निम्मे पंधरा दिवसांत." आणि ते गप्प बसले. ती शांतता मला फार लांब वाटली. शेवटी व्यापाऱ्याने विचारले, "हा आकडा आणला कुठून?" वडिलांनी आईला हाक मारली, ती वही घेऊन आली, आणि त्या दिवशीची सगळी बोलणी त्या वहीच्या पानावर बोट ठेवून झाली.