पुसायची नाही, धुवायची

(माळ्यावरून उतरणारी लाकडी पेटी)

ही पेटी एकट्याने उतरत नाही. वर काका, खाली मी आणि शेजारचा मुलगा. आत गाण्यांच्या साठेक तबकड्या आहेत, निम्म्याहून जास्त लाखेच्या. एक हातात घेतली तर जड वाटत नाही. साठ एकत्र आल्या की शिडी करकरते, ऐका.

काकांचं घर गोव्यातल्या फोंडा तालुक्यातलं. जांभ्याचे चिरे, मधे राजांगण, उतरती कौलं. चतुर्थी होऊन महिना उलटला तरी गणपतीवर फळं-भाज्या टांगायची ती माटोळीची चौकट छताला तशीच आहे. ऑक्टोबर संपत आलाय, पाऊस एकदाचा उघडलाय. तबकड्यांची पेटी उघडायची ती आता, त्याआधी नाही, असा काकांचा नियम.

पेटीतल्या काही तबकड्या आजोबांच्या. बाकीच्या काकांनी गोळा केलेल्या. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून, रिकाम्या होणाऱ्या घरांतून, एकदा तर रद्दीवाल्याच्या तराजूवरून. नाट्यपदं, भजनं, बंदिशी, मधेच पोर्तुगीज फादो गाण्यांच्या दोन ईपी, म्हणजे छोट्या तबकड्या. कुणी जपून ठेवल्या होत्या, कुणी त्यावर चहाचे कप ठेवले होते. तो गोल डाग दिसतोय ना, तो कपाचाच.

(आडव्या उजेडात तबकडीचा पृष्ठभाग, अगदी जवळून)

टॉर्च आडवी धरायची. वरून उजेड टाकला तर तबकडी नुसती काळी दिसते आणि आपण म्हणतो, स्वच्छ तर आहे. आता बघा. पिठाची रांगोळी कुणी बोटाने फिसकटावी तसे हे पांढरट ठिपके म्हणजे बुरशी. हा राखाडी पट्टा धुळीचा. आणि कडेला अंगठ्याचा ठसा, अख्खा, रेघांसकट. कुणाचा ते विचारू नका, आम्हीही आपसांत तेच विचारत बसलो होतो.

गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. त्या चार महिन्यांत मिठाला पाणी सुटतं, पापड सादळतात, कपाटातल्या चपला हिरव्या होतात. तबकडी कशी सुटेल? एलपीचं, म्हणजे नंतरच्या काळातल्या मोठ्या तबकडीचं, प्लास्टिक बुरशीला फारसं रुचत नाही. ती जगते कव्हराच्या कागदावर, त्याच्या गोंदावर आणि आपल्या बोटांच्या तेलावर. तिथून पसरत ती खाचेत उतरते.

ही खाच किती बारीक? एलपीची खाच आपल्या केसाहूनही अरुंद असते. वीस मिनिटांच्या एका बाजूवर ती उलगडली तर चारशे मीटरच्या वर जाईल. चारशे मीटरचा चर, केसाहून अरुंद, आणि त्यातून सुई चालत जाते. वाटेत जे काही पडलं असेल ते आपल्याला ऐकू येतं.

आणि आपण काय करतो? सदऱ्याच्या टोकाने पुसतो.

(काका सदऱ्याचं टोक पुढे करतात, हसतात, सोडून देतात)

हे काकांनी कॅमेऱ्यासाठी करून दाखवलं. खरं तर चाळीस वर्षं ते असंच करायचे. कोरड्या फडक्याने वरची धूळ निघते आणि उरलेली खाचेत जाऊन बसते. शिवाय घासल्याने प्लास्टिकवर स्थिर वीज तयार होते, ती आणखी धूळ ओढून घेते. म्हणून आता काकांच्या तोंडी एकच वाक्य असतं : पुसायची नाही, धुवायची.

(केरी गावचा रस्ता, पोफळीच्या बागा)

धुण्याआधी थोडं लांबून येऊ या. हे केरी, फोंडा तालुक्यातलंच. गायिका केसरबाई केरकर १८९२ साली इथे जन्मल्या. १९७७ साली अमेरिकेने दोन व्हॉयेजर यानं बाहेरच्या ग्रहांकडे सोडली. दोन्हींवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एकेक तबकडी आहे आणि तीत जगभरच्या संगीतात केसरबाईंची भैरवी आहे. जवळच मंगेशी. दीनानाथ मंगेशकर १९०० साली तिथे जन्मले, जितेंद्र अभिषेकीही तिथलेच. एवढ्याशा टापूतून एवढे आवाज निघाले, आणि त्यांतले जुने पोचले ते असल्या काळ्या तबकड्यांवरूनच. अंतराळातली तबकडी धुवायची वेळ कुणावर येणार नाही. आपल्या माळ्यावरच्या मात्र आपल्यालाच धुवायला हव्यात.

(बाजारातलं एक दुकान : एलपी कापून केलेली भिंतीवरची घड्याळं)

हे किनारपट्टीवरच्या एका बाजारातलं दुकान. यावर मी काही बोलत नाही.

(राजांगणातलं टेबल, त्यावर जुना टॉवेल)

आता सामान. यात विकत आणण्यासारखं फार थोडं आहे.

पाणी डिस्टिल्ड. गॅरेजमध्ये, इन्व्हर्टरच्या दुकानात पाच लिटरचा कॅन मिळतो. लेबल वाचूनच घ्या, कारण त्याच फळीवर बॅटरीचं ॲसिडही ठेवलेलं असतं. नळाचं पाणी का नाही? पिण्याला उत्तमच आहे. पण ते वाळतं तेव्हा त्यातले क्षार मागे राहतात. स्टीलच्या तांब्यावर पांढरे ठिपके उरतात, तेच खाचेत उरले की टिकटिक ऐकू येते. विहिरीचं तर नकोच. जांभ्यात लोह असतं, बादलीला तांबूस कड धरते ती त्याची.

लिटरभर पाण्यात भांडी घासायच्या साध्या लिक्विडचे तीन-चार थेंब. हात मऊ ठेवणारं लिक्विड नको, त्यातलं तेलकट काहीतरी तबकडीवरच राहतं. आमच्या काकूने रिठे सुचवले होते. रिठ्याने तिच्या पैठणीला जीव येतो हे मान्य, पण त्याचा चोथा आणि चिकटपणा खाचेतून काढणार कोण?

(काकांच्या हातात दोन झाकणं आणि एक बोल्ट)

आणि हे बघा, ही काकांची करामत. बरणीची दोन प्लास्टिकची झाकणं, तबकडीच्या मधल्या लेबलाहून बोटभर मोठी. कडेला सायकलच्या ट्यूबची कापलेली रबरी चकती. मधून सहा मिलिमीटरचा बोल्ट. तबकडीचं भोक सात मिलिमीटरच्या थोडं वर असतं, त्यातून तो अलगद जातो. एक झाकण वर, एक खाली, नट हाताने आवळायचा. पकडीने नाही. हाताने. आता लेबलाला पाणी लागणार नाही आणि तबकडी बोल्टला धरून फिरवताही येते. जुन्या लेबलांची शाई पाण्याने पसरते, कागद सुटतो, आणि लेबल गेलं की कोण गातंय हे सांगणारं काही उरत नाही. याकडे आपण शेवटी परत येऊ.

(नाकाला रुमाल बांधलेले काका, राजांगणाच्या कडेला)

पहिली पायरी कोरडी, आणि ती उघड्यावर. मऊ ब्रशने सुटी बुरशी झटकायची, नाकावर मास्क किंवा रुमाल बांधूनच. बुरशीची पूड छातीत जाऊ द्यायची नाही.

मग पाणी. कोमट नाही, गार. एलपीचं प्लास्टिक साठ-सत्तर अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि एकदा वाकडं झालं की सरळ होत नाही. कढत पाण्यापासून लांब, उन्हापासूनही लांब.

(पाण्याचा थेंब तबकडीवर पसरताना)

हा थेंब बघा. नुसतं पाणी टाकलं तर ते आळवावरच्या पाण्यासारखं गोळा होऊन बसतं, खाचेत शिरतच नाही. साबणाचा थेंब मिसळला की तेच पाणी अंग सोडतं आणि पसरतं. म्हणून साबण. मिनिटभर तसंच ठेवायचं. घाई नाही. काका या मिनिटात गुणगुणतात, आणि मिनिटाची लांबी त्या पदावर अवलंबून असते.

आता मखमल. लाकडी ठोकळ्यावर चिकटवलेली मखमलीची पट्टी. दाब नाही, नुसतं टेकवायचं आणि खाचेच्या दिशेने गोल फिरवायचं. आडवं कधीच नाही. शेतात नांगर सऱ्यांच्या रेषेत चालतो, आडवा नेला तर सगळ्या सऱ्या मोडतील. पाच फेरे उजवीकडून, पाच डावीकडून.

मी करायला घेतलं तेव्हा काका म्हणाले, “हळू गो. तुका खंय वचपाचें आसा?”

कुठेच जायचं नव्हतं.

(पांढऱ्या बशीत निथळलेलं पाणी)

हे पाणी पहिल्या तबकडीचं. काळं नाही, चहासारखं तांबूस. ही बशी आम्ही मुद्दाम पांढरी घेतली होती.

मग साध्या डिस्टिल्ड पाण्याने दोनदा खळबळून काढायची. इथे लोक कंटाळतात. पण साबण राहिला तर तोही वाळून खाचेतच बसणार, म्हणजे धूळ काढली आणि साबण भरला. पाण्यात कंजुषी नको.

(ताटाळ्यात उभ्या तबकड्या, कडांवरून ओघळणारे थेंब)

वाळवायला काकूचं ताटाळं. ताटांच्या जागी तबकड्या, एकीचा स्पर्श दुसरीला नाही. घरात, सावलीत, आणि पंखा बंद, नाहीतर धुतलेल्या ओल्या तबकडीवर पंखा पुन्हा धूळ आणून टाकतो. कडेचे थेंब मायक्रोफायबरच्या स्वच्छ फडक्याने टिपायचे. टिपायचे म्हणतेय, पुसायचे नाही. कोरड्या हवेत तासाभरात काम होतं. आमच्या हवेत दुपार जाते. त्या दुपारी आम्ही ताटं पुसून फळीवर ठेवली आणि जेवलो केळीच्या पानावर.

(चावीचा ग्रामोफोन, शेजारी लाखेची तबकडी)

आता लाखेची गोष्ट वेगळी. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेणाऱ्या या जुन्या तबकड्या चपडा लाख, दगडाची बारीक भुकटी आणि काजळी यांच्या मिश्रणाच्या. लवत नाहीत, पडल्या की फुटतात. एलपी १९४८ साली अमेरिकेत आली, तोवर सगळीकडे हीच तबकडी चालत असे.

सुतार पॉलिश कसं करतो आठवा. चपडा स्पिरिटमध्ये टाकतो, तो रात्रभरात विरघळतो. मग चपड्याच्या तबकडीवर स्पिरिटचा बोळा फिरवला तर काय होईल? तेच. खाच विरघळते. बाजारात मिळणाऱ्या पुष्कळशा क्लीनरमध्ये अल्कोहोल असतं, आयसोप्रोपिल नावाने. एलपीला थोडंसं चालतं म्हणणारे आहेत. पण ज्या घरात दोन्ही जाती एकाच पेटीत आहेत तिथे ती बाटली आणूच नये, हे काकांचं मत आणि माझंही. पांढरा गोंद ओतून, वाळल्यावर सालीसारखा सोलून काढायची युक्तीही लाखेवर करायची नाही.

लाखेच्या तबकडीला तेच साबणपाणी, पण भिजत ठेवायची नाही. मिनिटभर थांबणं नाही, गुणगुणणं नाही. ओली केली, मखमल फिरवली, धुतली, लगेच टिपली. काही तबकड्यांच्या पोटात कागदाचे थर असतात. कड उकललेली किंवा तडा गेलेली दिसली तर पाणी लावूच नका, नुसता कोरडा ब्रश. आमच्याकडची एक आधीच स्पिरिटने गेलेली आहे. आठ फुटलेल्या निघाल्या.

(नव्या पाकिटात सरकणारी एलपी)

धुतलेली तबकडी जुन्या बुरसटलेल्या पाकिटात परत घालायची नाही, एवढं कळतंच. आत पॉलिथीनचं पातळ पाकीट. कडक, चकचकीत पीव्हीसीचं नको, ते वर्षानुवर्षं चिकटून राहिलं की तबकडीवर धुकं आणतं. ठेवायच्या उभ्या, वह्यांसारख्या. भाकऱ्यांसारख्या एकावर एक रचायच्या नाहीत. आणि भिंतीपासून हातभर लांब, कारण ओल आधी भिंतीतून येते.

(ग्रामोफोनला चावी देणारा हात)

ग्रामोफोनला नवी पोलादी सुई. दर बाजूला नवी, असा जुना रिवाज, कारण लाखेतली भुकटी सुईला घासून बोथट करते. एलपी मात्र या यंत्रावर चुकूनही नाही. याचा सुई धरणारा साउंडबॉक्स शंभर ग्रॅमच्या वर दाब देतो, एलपीच्या सुईचा दाब दोन-तीन ग्रॅमचा.

सुई टेकतेय. आता मी गप्प बसते.

(तबकडीचा आवाज. काकांचा चेहरा. काकू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहते. तीन मिनिटं निवेदन नाही.)

ही बाजू संपली. या तबकडीचं लेबल कसरीने खाल्लंय, नावाच्या जागी भोक. हिंदुस्थानात ध्वनिमुद्रण १९०२ साली कलकत्त्याला सुरू झालं. तेव्हा तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या कारागिरांना कोण गातंय ते कळावं म्हणून गाणारी बाई गाणं संपताच स्वतःचं नाव सांगायची. ही तबकडी त्यानंतरची, हिच्या शेवटी कुणी नाव सांगत नाही. पण लेबलाच्या बाहेर, जिथे खाचा संपतात तिथे, एक क्रमांक उठलेला असतो. इतकी वर्षं तो मळाखाली होता.

(टॉर्च आडवी. चष्मा कपाळावर सारून काका वाकतात.)

काका अंक एकेक करून मोठ्याने वाचतात आणि मी शाळेच्या वहीत उतरवते. पहिला रकाना क्रमांकाचा, दुसरा रागाचा. काकांनी ‘मांड’ म्हटलं, मग थांबून ‘लिही, पण पेन्सिलीने’ म्हटलं. तिसरा रकाना गायकाचा आहे. तो सध्या कोरा.

(काका पेटीतून पुढची तबकडी काढतात.)