पाठीची गोळी जाते कुठे?

नमस्कार श्रोतेहो.

एप्रिल लागला की नागपुरात घरोघरी कूलर बाहेर निघतात. टाकी घासायची, खस बदलायची, मग तो लोखंडी सांगाडा दोघांनी उचलून खिडकीशी नेऊन लावायचा. दुसऱ्या दिवशी औषधाच्या दुकानात ठरलेलं वाक्य ऐकू येतं, "भाऊ, कंबर पकडली बावा, एखादी गोळी द्या ना." पट्टीवर लाल रेघ असते, चिठ्ठीशिवाय विकू नये असं छापलेलंही असतं, तरी गोळी मिळते. बहुतेक वेळा तिच्यात दोन औषधं असतात. एक वेदनाशामक, एसिक्लोफेनॅक, १०० मिलिग्रॅम. दुसरं थायोकोल्चिकोसाइड, ४ किंवा ८ मिलिग्रॅम. आज बोलायचंय ते या दुसऱ्याबद्दल.

हे स्नायू सैल करणारं औषध, म्हणजे ते पाठीच्या स्नायूत जाऊन काम करत असेल, असं आपण धरून चालतो. तसं नाही. थेट स्नायूच्या आत काम करणारं डँट्रोलीन नावाचं औषध आहे, ते वेगळं. ऑपरेशनच्या वेळी भूलतज्ज्ञ देतात ती तर फारच वेगळी. ती दिल्यावर रुग्णाचा श्वासही यंत्राने चालवावा लागतो. आपली गोळी काम करते मज्जारज्जूत आणि मेंदूत.

पाठीत चमक भरते तेव्हा नेमकं काय होतं? स्नायूत ताण मोजणारे बारीक तंतू असतात. ते मज्जारज्जूला खबर देतात आणि तिथून उलट हुकूम सुटतो, आवळ. स्नायू आवळला की दुखतं, दुखलं की पुन्हा आवळतो. शेताच्या टोकाला पाणी फार झालं तर आपण वर जाऊन पाटाचं दार लावतो, तसं हे औषध हुकूम जिथून सुटतो तिथेच हात घालतं.

तिथे आवर घालणारी दोन रसायनं मुख्य, गाबा आणि ग्लायसीन. थायोकोल्चिकोसाइड या दोन्हींच्या रिसेप्टरना, म्हणजे पेशीवर ही रसायनं जिथे बसतात त्या जागांना, चिकटतं. गंमत अशी की डायझेपामसारखं औषध गाबाचं काम वाढवतं, तर हे प्रयोगशाळेत गाबाच्या रिसेप्टरवर उलट अडथळा आणताना दिसतं. तरीही आखडलेला स्नायू सैल पडतो. हे कसं, यावर औषधशास्त्रात अजून वाद चालू आहे आणि विद्यार्थी परीक्षेत इथेच हमखास गडबडतात. पण व्यवहारातला अर्थ सरळ आहे. मेंदूतला आवर कमी झाला तर फीट येऊ शकते. ज्यांना मिरगीचा त्रास आहे त्यांनी ही गोळी टाळायची, आणि डॉक्टरांना तो त्रास न विचारता सांगायचा.

या औषधाचं मूळ आपल्या ओळखीचं आहे. पावसाळ्यात विदर्भातल्या झुडपी जंगलात, कुंपणांवर एक वेल चढलेला दिसतो. पानाचं टोक आकड्यासारखं वळलेलं, त्यानेच तो आधार धरतो. फुलाच्या पाकळ्या मागे वळलेल्या, कडा लहरी, बुडाशी पिवळ्या आणि टोकाला लाल. ही कळलावी. तमिळनाडूचं ते राज्यफूल आहे आणि तिथे बियांसाठी तिची शेतीही होते. त्या बियांत कोल्चिसिन आणि कोल्चिकोसाइड सापडतं. कोल्चिकोसाइडच्या रेणूत गंधक बसवलं की थायोकोल्चिकोसाइड होतं. "झाडपाल्याचं आहे, काही अपाय नाही" म्हणणाऱ्यांनी हेही ऐकून ठेवावं, की हा वेल कंदापासून बीपर्यंत विषारी आहे. रताळं समजून कंद खाल्लेली माणसं दगावली आहेत.

बी.एस्सी.ला वनस्पतीशास्त्र घेतलेल्यांना कोल्चिसिन आठवेल. कांद्याच्या मुळाच्या टोकावर ते घातलं की पेशींचं विभाजन अर्ध्यावर थांबतं आणि गुणसूत्रं मोजता येतात. थायोकोल्चिकोसाइडची काळजी याच बाजूने आहे. गोळी पोटात गेल्यावर मूळ औषध रक्तात जवळपास सापडतच नाही, सापडतात त्याचे तुकडे. त्यातला एक तुकडा, नेहमीच्या डोसपेक्षा फार वर नसलेल्या प्रमाणात, विभाजन होणाऱ्या पेशींत गुणसूत्रांची संख्या चुकवू शकतो. म्हणून २०१३ साली युरोपच्या औषध नियामकांनी मर्यादा घातली. तोंडावाटे दिवसाला जास्तीत जास्त १६ मिलिग्रॅम, तेही ७ दिवस. इंजेक्शन ५ दिवस. १६ वर्षांखालच्यांना नाही. गरोदरपणात नाही, अंगावर पाजणाऱ्या आईला नाही, दिवस राहण्याची शक्यता असेल आणि गर्भनिरोधक चालू नसेल तरीही नाही. आता आपल्याकडे काय चालतं ते बघा. दोन वर्षांपूर्वीची चिठ्ठी पाकिटात असते, आणि कंबर जरा कुरकुरली की तीच दाखवून नवी पट्टी येते. घरात एकाला लागू पडली म्हणून सुनेलाही दिली जाते. मला सगळ्यात जास्त धास्ती या दुसऱ्या गोष्टीची वाटते.

या गोळीने पोट बिघडतं, जुलाब होतात. काहींना गुंगीही येते. टिझानिडीन नावाची चुलत बहीण गुंगी जास्त आणते आणि रक्तदाब खाली आणते. सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकसोबत ती कधीच घ्यायची नाही, रक्तातलं तिचं प्रमाण कित्येक पटींनी चढतं. लघवीच्या जळजळीला एका डॉक्टरांची गोळी आणि पाठीला दुसऱ्यांची, असा योग सहज जुळून येतो. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात, अंगात पाणी कमी, त्यात ही गोळी घेऊन स्कूटर काढायची आणि वर्धा रोडच्या सिग्नलवर डोळे मिटायला लागायचे, हे नको. शिवाय सोबतचं वेदनाशामक अशा कोरड्या अंगात किडनीला जड जातं. गोळी चालू असेपर्यंत पाणी भरपूर प्या आणि दारू बंद ठेवा.

साधी उसण बहुतेकदा काही दिवसांत आपोआप उतरते. अंथरुणाला खिळून राहू नका, हळूहळू हिंडत-फिरत राहा, शेक घ्या. पण पायातली ताकद गेली, बैठकीची जागा बधिर झाली, लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, तर औषधाच्या दुकानात जाऊ नका. मेडिकल कॉलेजचं रुग्णालय असो की मेयो रुग्णालय, जे जवळ असेल ते त्याच तासाला गाठा.

नमस्कार.